रांगेत शेवटी आत्या

काचेची भट्टी एकदा पेटवली की विझवता येत नाही, हे त्या कारखान्यात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आतला रस गार झाला की त्याचा दगड होतो आणि तो दगड विटांसकट फोडून काढावा लागतो. म्हणून सुटी असो, संप असो, मालकाच्या घरात कुणी गेलेलं असो, भट्टी आपली जळतच राहायची. महिनाभर एकही बाटली विकली नाही तरी कसंबसं निभावता यायचं. गॅसचं बिल थकलं तर मात्र निभावायला काही उरलं नसतं.

हे बिल कधी थकणार नाही हे पाहणाऱ्या बाईला घरात ‘छोटी’ म्हणत. पंचेचाळिशी उलटलेली, अर्धे केस पांढरे, बँकांचे अधिकारी तिला वचकून असायचे. पण भावंडांत शेवटची, म्हणून छोटी ती छोटीच राहिली. मालक म्हणजे तिचा थोरला भाऊ, दादा. दादा भट्टी सांभाळायचा, गिऱ्हाइकं सांभाळायचा, रुसलेले कामगार सांभाळायचा. कागद दिसला की मात्र त्याला जांभई यायची. म्हणून कर्जाचं सगळं लफडं छोटीच्या गळ्यात होतं.

कंपनीचं कर्ज म्हणजे एक रांग, असं ती हाताखालच्या माणसांना समजावून सांगे. सगळ्यांत पुढे खेळत्या भांडवलाची बँक. गोदामातला माल आणि गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे तिच्याकडे तारण. तिच्या मागे मुदतीच्या कर्जाची बँक. तिच्याकडे जमीन, भट्टी आणि वर दादाचं राहतं घर. तिच्या मागे यंत्रं भाड्याने देणारी संस्था. आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून, घरचे लोक. नड होती तेव्हा यांनी आपापली पुंजी आणून दिली होती. करारात स्वच्छ लिहिलेलं होतं की पुढच्यांचं सगळं फिटल्याशिवाय घरच्यांचं मुद्दल परत करायचं नाही. केलं तर करार मोडला. आणि एकाचा मोडला की बाकीच्यांनाही आपला सगळा पैसा एकरकमी मागायचा हक्क. सदऱ्याचं एक बटण तुटावं आणि बाकीची आपोआप गळून पडावीत, असला तो प्रकार होता.

त्या दिवशी दुपारी ही सगळी रांग मोडून नवी मांडायची होती. भट्टी म्हातारी झाली होती, ती नव्याने बांधायची होती. जुन्या कर्जाचा शेवटचा भला मोठा हप्ता महिनाअखेरीला उभा होता आणि तो भरण्याइतके पैसे कंपनीकडे नव्हते. छोटीने सहा महिने जोडे झिजवून एक नवी बँक तयार केली होती. ती जुनी तिन्ही देणी चुकती करणार, भट्टीला पैसे देणार आणि नऊ वर्षांत वसूल करणार. फक्त सह्या व्हायच्या होत्या. त्यातल्या एका कागदावर ‘आजवर कोणत्याही कराराचा भंग झालेला नाही’ असं एकच वाक्य होतं आणि खाली छोटीच्या सहीची जागा होती.

अशा दिवशी सकाळी आत्याने तिला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही. प्रसूतिगृहात परिचारिका होती, गावभरची पोरं हातावर झेलली, आणि आई गेल्यावर दादाला आणि छोटीलाही तिनेच वाढवलं. निवृत्त झाली तेव्हा मिळालेली सगळी रक्कम तिने कारखान्यात ठेवली. तेव्हापासून ती दादाच्या घरी राहत होती. तिचं कुणी काही कमी केलं नाही. फक्त पाहुणे आले की तिची गादी बाहेरच्या खोलीत यायची आणि नातवंडांची परीक्षा आली की तिचा रेडिओ बंद व्हायचा.

"अग, कुठे नेतेस? मला आज बँकेत जायचंय."

"दहा मिनिटं. जिना चढ गुपचूप."

एका घड्याळजीच्या दुकानावरची, त्याच्याच मालकीची ती खोली होती. एक खिडकी, एक ओटा, कोपऱ्यात न्हाणी. भिंतींना नुकताच रंग दिला होता आणि त्याचा वास नाकात जात होता. आत्याने नळ सोडून दाखवला, बंद करून दाखवला, पुन्हा सोडून दाखवला. मग तिने दार लावलं, आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"माझी," ती म्हणाली. "आजवर प्रत्येक दाराशी थांबून ‘येऊ का आत’ विचारलं. नर्सेसच्या वसतिगृहात विचारलं, तुमच्याकडे विचारलं. आता मला विचारायचं."

छोटीला हसू आलं, डोळेही भरले. "विकत घेतलीस?"

"हातखर्चातून साठवलेला विसार दिलाय. बाकीचे उद्या द्यायचे."

"एवढे पैसे कुठले ग तुझ्याकडे?"

"माझेच की. कारखान्यातले. दादाकडे मागितले, त्याने त्याच दिवशी दिले. गेल्या आठवड्यात."

छोटीच्या पायाखालची वाळू सरकली. तिने भिंतीला हात टेकला, ओला रंग तळव्याला लागला. आत्या खिडकीची लांबी वितीने मोजत बोलत होती, पडदा कुठल्या रंगाचा घ्यावा म्हणून विचारत होती. छोटीने "निळा" असं काहीतरी उत्तर दिलं आणि काम आठवल्याचं सांगून जिना उतरली.

दादा भट्टीपाशी होता. निळी काच डोळ्यांपुढे धरून आतला रस न्याहाळत होता. तिथे बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून तिने त्याला बाही धरून गोदामात आणलं.

"आत्याला पैसे दिलेस?"

"दिले. मागितले, दिले. मागितल्या दिवशी द्यायचे ही आपली पद्धत आहे."

ती पद्धत आजोबांची. घरच्यांचा ठेवलेला पैसा मागितल्या दिवशी परत करायचा, कशाला हवाय हे विचारायचंसुद्धा नाही. एकदा गाडी विकून त्यांनी एका मेहुण्याचे पैसे दिले होते. त्या नावावरच माणसं पुढे डोळे मिटून पैसे आणून देत गेली आणि कारखाना उभा राहिला. आता त्याच पद्धतीने तो आडवा व्हायची वेळ आली होती.

"कुठल्या खात्यातून दिलेस?"

"रोजच्या खात्यातून. तू नव्या बँकेच्या मागे धावत होतीस, म्हटलं तुला कशाला त्रास."

"दादा, बँकांचं फिटेपर्यंत घरच्यांना मुद्दल द्यायचं नाही असं तू लिहून दिलंयस. तुझी सही आहे."

"तू म्हणालीस सही कर, मी केली. मी कधी वाचलंय?" दादाच्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू उतरलं. "म्हणजे नेमकं काय होईल?"

तिने सांगितलं. जुन्या बँका खाती गोठवू शकतात. खाती गोठली की गॅसचं बिल जाणार नाही. बिल गेलं नाही की गॅस बंद. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. दादाने मान वळवून भट्टीच्या दिशेने पाहिलं. गोदामाच्या दारातून तिची लाली जमिनीवर पडली होती.

 मग तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुझी एकच सही आहे ना त्या कागदावर? कर आणि मोकळी हो. घरातली गोष्ट कोण बघायला येतंय?"

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. जिना उतरतानाच आलं होतं. सही करायची, जुनी देणी फिटली की जुना करारच संपला. मग मोडला होता की नव्हता हे कोण उकरणार? पण नवी बँक पहिल्याच तपासणीत खात्याची पानं उलटणार होती. त्या दिवशी तिला कळलं की आपली गाठ खोटं बोलणाऱ्या बाईशी पडली आहे, तर नऊ वर्षांचं कर्ज नऊ दिवसांतही परत मागितलं गेलं असतं. सांगावं तर आज भट्टी जाते, लपवावं तर उद्या. इकडे आड, तिकडे विहीर.

"तुझ्याकडे आहेत का तेवढे? लगेच परत भरायला?" तिने विचारलं.

"माझं घर तारण आहे. तुझं?"

"माझंही हमीत आहे."

 सगळ्या घरात मोकळा पैसा एकाच माणसाकडे होता आणि ते माणूस या घटकेला पडद्यासाठी खिडकी मोजत होतं. हे दोघांनाही कळलं, आणि दोघांपैकी कुणीच ते तोंडातून काढलं नाही.

"मी सांगणार आहे बँकेला," छोटी म्हणाली.

"सांगितलंस आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मी हात दाखवून अवलक्षण केलं असं म्हण."

नव्या बँकेच्या कर्ज विभागाच्या मॅडम मितभाषी होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दादा शेजारी बसून टाचेने जमीन टोकत होता.

"तुम्ही बोलला नसता तर आज मला हे कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"पहिल्या तपासणीत कळलं असतं."

"हो."

"बसा." त्या फाइल घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या.

आता वाट बघणं आलं. समोरच्या काचेतून लोक पैसे भरताना, पासबुकं पुढे सरकवताना दिसत होते. दादाच्या फोनवर भट्टीवरच्या फोरमनचा फोन आला, पुन्हा आला, दोन्ही वेळा त्याने कापला. छोटीला राहून राहून कारखान्यातली माणसं आठवत होती. बाटल्या उजेडात धरून तडा शोधणाऱ्या बायका, ज्यांना ती दर दिवशी ओलांडून आपल्या खोलीत जायची. आज संध्याकाळी त्यांना काय सांगायचं? मालकाने आत्याला आत्याचेच पैसे दिले म्हणून कारखाना बुडाला?

मॅडम खाली आल्या तेव्हा दादा उठून उभा राहिला, शाळेत मास्तर आल्यावर उठावं तसा.

"वरिष्ठ तयार आहेत. पण दोन अटी. आज व्यवहार बंद होण्याच्या आत ते पैसे कंपनीच्या खात्यात परत आले पाहिजेत. आणि आत्याबाईंनी इथे समक्ष येऊन लिहून दिलं पाहिजे की आमचं कर्ज फिटेपर्यंत मुद्दल मागणार नाही."

"नऊ वर्षं," छोटी म्हणाली.

"नऊ वर्षं. त्या किती वयाच्या आहेत?"

छोटीने सांगितलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कागदात बघितलं. 

दादाला बँकेतच बसवून छोटी निघाली. आत्या अजून खोलीवरच होती. उकिडवी बसून फरशी पुसत होती. छोटी तिच्यासमोर त्या ओल्या फरशीवरच बसली. येताना तिने मनात शब्द जुळवले होते, पण आत्याच्या हातातलं फडकं बघितल्यावर त्यातला एकही कामाचा उरला नाही. तिने सरळ सगळं सांगून टाकलं. भट्टी, बँका, रांग, दादाची चूक.

 ऐकून झाल्यावर आत्याने फडकं बादलीत पिळलं.

"रांगेत मी शेवटची. हे मी लिहून दिलं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी. मीच आणला होता कागद."

"काय म्हणाली होतीस तेव्हा?"

"म्हणाले होते, सही कर ग, बँकेला लागतं."

"आणि मी केली," आत्या म्हणाली. "वाचायला घेतलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आत्याचा विश्वास नाही. तुझा दादाही वाचत नाही ते त्याचसाठी. आपल्या घरात वाचणं म्हणजे संशय घेणं."

छोटीला मान वर करता येईना. या बाईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, ताप आला की रात्रभर उशाशी बसली होती. आणि आज हिच्याकडून हिचं दार काढून घ्यायला आपण आलो आहोत. तिला स्वतःचा इतका तिटकारा आला की ती म्हणाली, "तू नाही म्हण, आत्या. तुझा हक्क आहे. मी दादाला समजावीन."

"आणि ती माणसं? भट्टीवरची? त्यांच्यातली निम्मी मी झेललीत." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "पैसे मी देते परत. चल. पण या वेळी मी वाचणार आहे."

बँकेत पोचल्या तेव्हा कामकाज आवरत आलं होतं. रखवालदाराने दाराची जाळी निम्मी ओढली होती. मॅडमनी कागद पुढे ठेवला, दादाने पेन पुढे केलं. आत्याने पेन बाजूला ठेवलं, पिशवीतून चष्मा काढला, पदराला पुसला आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशी पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागली.

दादाने घड्याळ पाहिलं. छोटीने पाहिलं. आत्याच्या खात्यातून पैसे वळते करायची वेळ संपत आली होती. बटण दाबायला समोरचा कारकून हात मांडीवर ठेवून बसला होता, पण आत्याच्या सहीशिवाय ते दाबायचं नव्हतं.

"‘ऋणको’ म्हणजे तुम्ही?"

"हो, आत्या, कंपनी."

"आणि मी गेले तर? या नऊ वर्षांत?"

 मॅडम म्हणाल्या, "मुदत संपल्यावर तुमच्या वारसांना मिळतील."

"माझे वारस हेच दोघं," आत्या म्हणाली. "म्हणजे यांच्याकडून घ्यायचे, यांनाच द्यायचे. बरंय." तिचं बोट पुढे सरकलं. दादाचा चेहरा लाल झाला होता.

दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"हे काय? ‘करार पाळला जात असेपर्यंत धनकोस खालील दराने दरमहा व्याज देता येईल.’ आणि पुढे शून्य."

"ते असंच असतं, आत्या," दादा घाईने म्हणाला. "कर सही."

"शून्य कुणी ठरवलं?"

मॅडमनी छोटीकडे पाहिलं. मसुदा भरून देताना ते शून्य छोटीने घातलं होतं. जुन्या कागदातही तिनेच घातलं होतं. कुणाला विचारावं असं तिला तेव्हा वाटलंच नाही, कारण घरच्यांच्या पैशावर व्याज धरलं तर कंपनीचा खर्च वाढतो आणि बँकेला आकडे तितके गोजिरे दिसत नाहीत. आत्याच्या पैशावर ते इतकी वर्षं बाटल्या काढत होते, आणि त्याबद्दल तिला दिवाणखान्यातली गादी देत होते. स्वतःला हुशार समजणाऱ्या छोटीला हे आज पहिल्यांदा दिसलं.

"मी ठरवलं," ती म्हणाली.

"किती पडेल, बँकेच्या दराने?"

छोटीने मनातच आकडा केला आणि दरमहाची रक्कम सांगितली. 

आत्याने ओठ हलवत हिशेब केला. "घड्याळजी भाड्याने द्यायला तयार आहे. निघताना त्याच्या दुकानात डोकावून विचारलं मी. त्याचं भाडं यात बसतं, वर दुधाचेही सुटतात."

"आत्या," दादा कळवळून म्हणाला, "घरात कसलं व्याज ग?"

"घरात नाही रे. कंपनीत."

मॅडमनी घसा साफ केला. "आमच्या दरापेक्षा जास्त नसेल तर बँकेची हरकत नाही. खोडून दुरुस्त करा, दोघांच्या आद्याक्षरांसह. पण लवकर."

जाळी आणखी खाली ओढल्याचा आवाज आला. छोटीने शून्यावर रेघ मारली आणि शेजारी दर लिहिला. घाईत आकडा वाकडा आला. दादाने बाजूला आद्याक्षरं केली. या वेळी त्याने ती ओळ वाचली, आणि वाचताना त्याचे डोळे पाण्याने भरले. आत्या शेवटच्या शब्दापर्यंत गेली, मग परत पहिल्या पानावर आली. कारकुनाने बसल्या जागी खुर्ची मागे ढकलली. तेव्हा कुठे तिने पेन उचललं, दराशेजारी आद्याक्षरं केली आणि खाली संथपणे, पूर्ण नावाने सही केली.

कारकुनाने बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर कंपनीच्या खात्यात पैसे जमा झाल्याची ओळ उमटली. मॅडमनी छोटीपुढे तो एका वाक्याचा कागद ठेवला. त्यात आता ‘पुढील बाब वगळता’ असं घालून खाली घडलं ते सगळं लिहिलेलं होतं, आणि तिने त्यावर सही केली.

दादाच्या फोनवर परत फोरमनचा फोन आला. "चालू ठेव," एवढंच त्याने सांगितलं आणि तोंडावरून हात फिरवला. मग तो आत्याजवळ गेला. तिला उठायला हात द्यावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"गाडी खाली आहे, आत्या," तो म्हणाला. "घरी जाऊ या."

"चल," आत्या म्हणाली. "सामान बांधायला मला मदत लागेल."